परमुलखात वाढलेले पान

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात तीन गोष्टी असतातच: भाषा, देव आणि स्वयंपाक. यांपैकी भाषा सर्वांत आधी झिजते. पहिल्या पिढीत ती घरभर नांदते, दुसरीत आईपुरती उरते आणि तिसरीत आजीच्या पत्रापुरती किंवा फोनपुरती. देव त्याहून चिवट. पण त्यांचेही नैवेद्य आणि उत्सव हळूहळू भोवतालच्या समाजाच्या वळणावर जाऊ लागतात. स्वयंपाक मात्र टिकतो. मराठीत चार वाक्ये धड बोलता न येणारा मुलगाही होळीला पुरणपोळी मागतो आणि ‘कटाची आमटी’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून अगदी स्वच्छ उमटतात. ही गोष्ट आपण चार पाहुण्यांत कौतुकाने सांगतो. ती कौतुकाची आहे की काळजीची, याचा विचार मात्र सहसा करीत नाही.

वरवर पाहता हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे. पण थोडे खोलात गेले, की तो नीतीचा होऊन बसतो. पूर्वजांच्या अन्नाचे आपण काही देणे लागतो काय? लागत असलो, तर ते कोणाचे आणि कशाने फेडावयाचे? आणि लागत नसलो, तर ज्याला आपण वारसा म्हणतो, तो जिभेच्या सवयीहून वेगळा असा काय आहे? दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या नोकरदाराला हा प्रश्न प्रत्येक नव्या गावी नव्याने भेटतो. नव्या घरात सर्वांत आधी लावले जाते ते स्वयंपाकघर आणि सर्वांत जपून उघडला जातो तो मसाल्याचा डबा.

या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर ज्या परगावी मराठी माणूस चारशेहून अधिक वर्षे राहत आला आहे, त्या काशीकडे पाहणे उपयोगाचे ठरेल. मणिकर्णिकेपासून काठाकाठाने उत्तरेकडे चालू लागले, की शिंदे घाट, संकठा घाट, गंगामहाल घाट अशी नावे लागतात आणि मग भोसले घाट येतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला. पायऱ्यांच्या माथ्यावरचा दगडी वाडा वाड्यापेक्षा गढीसारखा अधिक दिसतो. खाली जाड, जवळजवळ आंधळी भिंत आणि खिडक्या पार वरच्या मजल्यांना. त्यापुढे गणेश घाट, राम घाट, जटार घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. यांतील कित्येकांच्या बांधकामाशी किंवा जीर्णोद्धाराशी मराठी सरदारांची, पेशव्यांची, कारभाऱ्यांची नावे जोडलेली आहेत. ही मालिका पाहताना काशी मराठ्यांनी कधीच जिंकली नव्हती, याचा विसर पडतो. मुलूख आधी अयोध्येच्या नबाबाचा होता, पुढे कंपनीचा झाला. मराठ्यांच्या वाट्याला तेथे फक्त पायऱ्या, देवळे आणि अन्नछत्रे आली. विश्वनाथाचे आजचे देऊळ १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी बांधले. भोसल्यांचे नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. घाटाचे नाव तेवढे राहिले.

मराठ्यांचे घाट होण्याच्याही आधी मराठी विद्या येथे पोहोचली होती. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा काशीच्या पंडितसभेत पहिला मान होता. त्याच कुळातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला आणि त्याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. ‘निर्णयसिंधु’ हा ग्रंथ एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्ध कोणत्या तिथीस करावे, अशा बाबतींत निर्णय देतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातील शास्त्री-पुरोहित त्याचा आधार घेत आले आहेत. म्हणजे देशावरच्या किंवा कोकणातल्या घरी कोणत्या दिवशी चूल पेटवावी आणि कोणत्या दिवशी उपास करावा, याचा निवाडा ज्या ग्रंथाच्या आधारे होत राहिला, तो पैठण सोडून गेलेल्या एका घराने गंगेकाठी लिहिला होता. जो गाव सोडतो त्याचा वारसा तुटतो आणि जो गावी राहतो त्याच्याकडे तो आपोआप राहतो, ही आपली समजूत इतकी सरळ नाही, एवढे यावरून दिसावे.

आता स्वयंपाकघरात डोकावू. काशीस आलेली मराठी घरे एका प्रांतातून आलेली नव्हती. कोणी कोकणातून आले, कोणी पैठण-नाशिकाकडून, कोणी नागपूरकरांच्या पदरी असलेल्या घराण्यांतून. गावी असताना ही माणसे एकमेकांना कोकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे, वऱ्हाडी म्हणत. काशीच्या लोकांनी त्या सर्वांना एकच नाव दिले, ‘दक्षिणी’. कोकणातल्या घराला मोदक म्हणजे तांदळाच्या उकडीचा, हे सांगावे लागत नसे. विदर्भाकडच्या घराला तो कणकेचा, तळलेला, हेही सांगावे लागत नसे. एका गणपतीपुढे दोघे आले, की मात्र दोघांनाही सांगावे लागते. कोकम कोकणात पिकते, गंगेकाठी नाही. तेव्हा आमटीचा आंबटपणा चिंचेवर किंवा आमचुरावर सोपवावा लागतो. खोबरे दुरून येते, म्हणून जपून वापरले जाते. पाणी बदलते, तांदूळ बदलतो, डाळ शिजण्याचा वेळ बदलतो. परमुलखातली ‘मराठी आमटी’ ही अशा तडजोडीतून तयार होते; महाराष्ट्रातल्या कोणत्याही एका गावची ती नसते.

यावर कोणी म्हणेल, की ही भेसळ झाली. अस्सल आमटी ती गावची. या म्हणण्यात अस्सलपणाची एक कल्पना गृहीत धरलेली आहे, आणि ती तपासून पाहण्यास एकादशीचेच पान पुरेसे आहे. उपासाची म्हणून आपण जी खिचडी करतो, तीत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चार जिन्नस असतात. भारतात साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा आणि मिरची यांचेही मूळ अटलांटिकपलीकडचेच. पोर्तुगीज आणि इतर युरोपियनांच्या जहाजांमागून ही सारी मंडळी आपल्याकडे आली. पितरांनी घालून दिलेला म्हणून आपण जो नियम पाळतो, त्या नियमाच्या ताटात तूप आणि जिरे एवढेच जुने रहिवासी आहेत. कमलाकरभट्टांच्या पुढे ही खिचडी ठेवली असती, तर ती उपासाला चालते की नाही, यावर त्यांना स्वतंत्र निर्णय द्यावा लागला असता. तेव्हा जिन्नस हा वारसा नव्हे. असता, तर गावी राहिलेल्यांनीही तो केव्हाच गमावला असता.

जिन्नस गेला, की माणूस उगमाला बिलगतो. ‘मूळ आमचे’ हा त्याचा पुढचा आधार. तंजावरचे उदाहरण घेऊ. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे मराठी राज्य स्थापिले. १८५५ मध्ये ते खालसा झाले. पण मराठी घरे राहिली. त्या प्रांती उडदाचे भाजलेले पीठ दह्यात कालवून ‘डांगर पच्चडी’ करतात. डांगर हा शब्द ऐकताच कोकणातल्या किंवा पुण्याकडच्या माणसाला आपले घर आठवावे, इतका तो सरळ आहे. येथपर्यंत आनंद आहे. पण तेवढ्याने आपले भागत नाही. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून तंजावरच्या मुदपाकखान्यात निघाला, अशी एक कथा आपण मोठ्या हौसेने सांगतो. तिला समकालीन लेखी आधार नाही. तरीही ती आवडते; कारण तीमुळे शेजाऱ्याच्या ताटातली वाटी आपल्या नावावर चढते. ज्याला आपण वारसाप्रेम म्हणतो, त्यात मालकीची हाव कशी बेमालूम मिसळते, याचा हा नमुना आहे. डांगर आपल्याला तंजावरच्या माणसाजवळ नेते. सांबाराची कथा त्याच्याकडून काही काढून घेते. दोन्ही गोष्टी अन्नाच्याच, पण त्यांमागची वृत्ती एक नव्हे.

हे केवळ आपलेच आहे असेही नाही. इटलीतील लोकांचा इतिहास आपल्याशी विलक्षण जुळतो. इटली हे एक राष्ट्र म्हणून १८६१ मध्ये उभे राहिले. त्या वेळी तेथील फार थोडे लोक प्रमाण इटालियन भाषा बोलत. बाकीचे आपापल्या प्रांताची बोली बोलत आणि आपापल्या प्रांताचे अन्न खात. उत्तरेच्या व्हेनेतो प्रांतात मक्याच्या पिठाची ‘पोलेन्ता’ हे गरिबाचे रोजचे अन्न. दक्षिणेत नेपल्सकडे शेवयांसारखी पास्ता आणि टोमॅटो. सिसिलीच्या शेतकऱ्याला व्हेनेतोच्या शेतकऱ्याचे बोलणे कळत नसे आणि त्याचे ताटही ओळखीचे वाटत नसे. पुढे १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले, त्यांत बहुसंख्य दक्षिणेचे. तेथे गेल्यावर लोकांनी त्यांना एकच नाव दिले, ‘इटालियन’. काशीतल्या ‘दक्षिणी’सारखेच ते नाव बाहेरून मिळालेले होते. आणि मग त्यांनी त्या नावाला शोभेल असा स्वयंपाक तयार केला. गावी सणासुदीलाच दिसणारे मांस परदेशात स्वस्त मिळू लागले, तेव्हा मांसाचे मोठे गोळे घातलेली स्पॅगेटी घरोघर होऊ लागली. इटलीतून आलेला पाहुणा ते ताट पाहून हे आमचे नव्हे म्हणतो, आणि अमेरिकेतला नातू म्हणतो, की हे माझ्या आजीचे आहे. दोघेही खरे बोलतात.

दुसरीकडे १८७५ पासून दक्षिण ब्राझीलमध्ये व्हेनेतोचे शेतकरी वसले; त्यांच्या वंशजांनी पोलेन्ता सोडली नाही. मेक्सिकोत चिपिलो नावाचे गाव १८८२ मध्ये त्याच प्रांतातील लोकांनी वसविले. तेथे अन्नाबरोबर व्हेनेतोची बोलीही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. यात एक मौज अशी, की व्हेनेतोचा मका आणि नेपल्सचा टोमॅटो हे दोघेही मूळचे अमेरिकेचे. जो मका अमेरिकेतून इटलीत गेला, तोच ‘आमच्या गावचा’ म्हणून अमेरिकेत परत आला. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीने यात लाजण्यासारखे काही नाही.

वारसा जिन्नसात नाही आणि उगमाच्या दाव्यातही नाही, हे झाले. मग तो मातीत आहे काय? आजचा कायदा तसे समजतो. आपल्याकडे भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ मध्ये झाला. त्यान्वये कोल्हापूरचा गूळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, काशीचा लंगडा आंबा आणि काशीचे पान अशा वस्तूंना त्यांच्या भूमीचे नाव राखून ठेवता येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा कायदा न्याय्यच आहे. दुसऱ्याने त्याच्या नावावर धंदा करू नये. पण या कायद्याच्या तर्कात घर सोडून गेलेल्याला जागा नाही. भूमी ज्याच्या पायाखाली नाही, त्याच्या हाती फक्त कृती उरते. म्हणून २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्या कारागिरांची कला मानवजातीच्या वारशात नोंदविली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नोंद झाली ती पदार्थाची नव्हे. पीठ मळणाऱ्या, थापणाऱ्या, भट्टीशी उभ्या राहणाऱ्या हातांची आणि ते कसब एकाने दुसऱ्यास शिकविण्याच्या परंपरेची. हात मात्र गाव सोडू शकतात.

पण हात म्हटले, की ते कोणाचे हात, हे विचारावेच लागते. आणि येथेच या विषयाची खरी अडचण सुरू होते. आपल्या घरातील वारसा बहुतेक ठिकाणी स्त्रीच्या हातांनी टिकविला आणि पुरुषाच्या जिभेने मिरविला. पुरण वाटणारी, सोवळ्याने पाणी भरणारी, पाने वाढून झाल्यावर उरलेले खाणारी स्त्री ही या परंपरेची वाहक होती; तिची मालक नव्हती. काशीस तर या गोष्टीला आणखी एक काळी कड आहे. वैधव्य आल्यावर काशीवासासाठी पाठविलेल्या स्त्रिया तेथे होत्या. दुसऱ्यांच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करून कित्येक विधवांनी जन्म काढला. आणि त्या स्वयंपाकातले चांगलेचुंगले त्यांच्याच पानाला मात्र वर्ज्य होते. ज्यांच्या हातांत चव होती, त्यांच्या जिभेला ती मिळू नये, अशी ही व्यवस्था. तो वारसा आपण टिकविला म्हणताना त्याची ही किंमत कोणी भरली, हे विसरणे हा कृतघ्नपणा होईल.

दुसरी किंमत पंक्तीची. परप्रांती ‘मराठी अन्न’ म्हणून जे ओळखले गेले, ते बहुधा काही थोड्या जातींचे आणि मध्यमवर्गाचे अन्न होते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेल्या त्या पाककृतींनी घरापासून दूर संसार मांडणाऱ्या हजारो मुलींना आधार दिला. तिचे उपकार थोर आहेत. पण कोणतेही एक पुस्तक सर्व महाराष्ट्राच्या चुली सामावू शकत नाही. १८९१ मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी इटलीला जे पाकपुस्तक दिले आणि ज्याने त्या नव्या राष्ट्राला एक सामाईक ताट मिळाले असे म्हणतात, त्यातही दक्षिणेच्या वाट्याला थोडेच आले होते. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये मराठवाड्यातील दलितांच्या अन्नावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले. त्या एका अक्षरात आपल्या सर्व भोजनगौरवावरची टीका आहे. जे अन्न गावकुसाबाहेर शिजले, ज्याला तूप-गुळाचा स्पर्श क्वचितच झाला, ते मराठी नव्हते काय? परगावच्या गणेशोत्सवात आपण ‘महाराष्ट्राचे ताट’ मांडतो, तेव्हा त्या ताटात कोणाचे घर नाही, हे पाहण्याची सवय आपल्याला नाही.

अशा वेळी पैठणच्याच एका पुरुषाची आठवण होते. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केली. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणले म्हणून काशीतील पंडितांनी त्यांना आधी विरोध केला आणि मग ग्रंथाचा सन्मान केला, असे परंपरा सांगते. त्यांच्या दोन आख्यायिका मराठी घरात सर्वांना ठाऊक आहेत. एकीत, काशीची गंगा कावडीने रामेश्वरास नेत असता, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात त्यांनी ती ओतली. दुसरीत, श्राद्धाचा स्वयंपाक झालेला असता, त्याचा सुवास आलेल्या अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना त्यांनी ते पितरांसाठीचे अन्न वाढले. आणि रागावलेले ब्राह्मण निघून गेले असता पितर स्वतःच जेवावयास आले. आख्यायिकांना इतिहासाचा पुरावा मागू नये. पण समाज कोणत्या कथा जपून ठेवतो, हाही एक पुरावाच असतो.

या दुसऱ्या कथेचा विचार आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने नीट केला पाहिजे. श्राद्धाचे अन्न म्हणजे वारशाचे अन्न. पूर्वजांचे ऋण फेडण्यासाठी ते शिजते; त्याचे नियम सर्वांत कडक आणि त्यात बदल करण्याची मुभा सर्वांत कमी. एकनाथांनी स्वयंपाकात बदल केला नाही. बदलली ती पंगत. पदार्थ परंपरेचे, पण वाढले ते परंपरेने वगळलेल्यांना. आणि कथेचा निवाडा असा, की त्यामुळे पितर उपाशी राहिले नाहीत. उलट नेहमीच्या वाटेने जे अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची शंका होती, ते या वाटेने निश्चित पोहोचले. पूर्वजांचे देणे पूर्वजांना फेडता येत नाही; ते समोर उभा असेल त्याला द्यावे लागते. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. अन्नाचा वारसा आपण चाखतो म्हणून आपला होत नाही. आपण तो कोणाला वाढतो, यावर तो आपला ठरतो.

काशीचे दैवत हेच सांगते. त्या नगरीचा स्वामी विश्वनाथ. पण तोही अन्नपूर्णेपुढे हात पसरतो, अशी तेथील श्रद्धा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णेच्या देवळात अन्नकूट मांडला जातो आणि तो प्रसाद म्हणून वाटला जातो. परगावी येऊन राहिलेल्या मराठी सरदारांनी या नगरीत काय बांधावे, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी घाट, देवळे आणि अन्नछत्रे बांधली. त्या अन्नछत्रांच्या पंगतीतही भेद होते, हे खरे. एकनाथांची कथा त्यांना अजून शिकावयाची होती. तरीही राज्य नसलेल्या गावी आपले नाव ठेवण्याचा मार्ग म्हणून त्यांना दुसऱ्याला जेवू घालणे सुचले, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. कोणी म्हणेल, ‘हे सर्व ठीक, पण भाषा गेली आणि पुरणपोळी उरली, तर त्या पोळीत मराठी असे काय राहिले? अन्नाने भाषेची जागा भरून निघते, हे समाधान खोटे आहे.’ हा आक्षेप मला मान्य आहे. अन्नाला व्याकरण नसते. त्यात वाद घालता येत नाही, शोक सांगता येत नाही, कायदा लिहिता येत नाही. भाषा गमावलेल्या घरात पदार्थ राहतो, पण त्याचे कारण हरवते. आणि कारण हरवलेला पदार्थ काही काळाने हौस होतो. तथापि दुसरी बाजूही पाहावी. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ मध्ये काशीतल्याच मराठी घरात जन्मले आणि ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला घडविले. ते हिंदीचे झाले म्हणून मराठीला उणे झाले, असे कोणी म्हणणार नाही. ज्या गावाचे अन्नपाणी घेतले, त्या गावाच्या भाषेत त्यांनी आपले काम उभे केले. हेही एक प्रकारे पान वाढणेच होते, आणि ते शेजाऱ्याच्या भाषेत होते.

आपली, म्हणजे बदलीच्या नोकरीतील माणसांची, अवस्था काशीकरांहून वेगळी आहे. काशीकर राहण्यासाठी गेले. आपण परत येण्यासाठी जातो. त्यांचे स्वयंपाकघर काळानुसार त्या गावचे झाले; आपले मात्र सुटीत गावाहून आणलेल्या गोड्या मसाल्यावर आणि लोणच्याच्या बरणीवर चालते. त्यामुळे आपल्याला एक मोह पडतो: जेथे आहोत ते गाव तात्पुरते समजावयाचे आणि जे गाव मागे राहिले ते स्थिर समजावयाचे. वस्तुतः मागचे गावही थांबलेले नसते. आज महाराष्ट्राचा म्हणून जगभर ओळखला जाणारा वडापाव मुंबईत १९६० नंतर चालू झाला. त्याच्या पावाचा मूळ धडा पोर्तुगीजांकडून आलेला आणि आतला बटाटा कोठला, हे वर सांगितलेच. निवृत्त होऊन परतलेला अधिकारी ज्या चवी शोधतो, त्या त्याच्याच डब्यात उरलेल्या असतात. गाव पुढे गेलेले असते. अशा वेळी गावाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मग करावे काय? मोठी तत्त्वे सांगण्यापेक्षा लहान कर्तव्ये सांगणे बरे. पहिले असे, की घरचा पदार्थ टिकावा असे ज्याला वाटते, त्याने तो स्वतः करावयास शिकावे. आईने किंवा पत्नीने वारसा चालवावा आणि आपण त्याचा अभिमान बाळगावा, ही वाटणी न्यायाची नाही. पुरण वाटताना खांदा किती दुखतो, हे ज्याला कळले, तो अस्सलपणाविषयी बेताने बोलू लागतो. दुसरे, पदार्थाबरोबर त्याचे नाव, त्याचा दिवस आणि त्याची गोष्ट मुलांना मराठीत सांगावी. ‘कट’ म्हणजे काय आणि होळीला पुरणच का, हे सांगताना दहा वाक्ये आपोआप बोलली जातात. भाषेला स्वयंपाकघराइतकी चांगली शाळा क्वचितच मिळते. तिसरे, ज्या गावी आहोत, तेथले अन्न पाहुण्यासारखे नव्हे, शेजाऱ्यासारखे खावे. काशीत राहून हिवाळ्यातला मलइयो न चाखणे किंवा लिट्टी-चोख्याला नाक मुरडणे, हा पूर्वजांचा मान नव्हे.

चौथे कर्तव्य सर्वांत अवघड आहे. परगावी घर शोधताना ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला आहे, आणि घर भाड्याने देताना तोच प्रश्न आपल्यापैकी कित्येकांनी विचारलाही आहे. अन्नाचा वारसा जेव्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाची चौकशी करण्याचे साधन होतो, तेव्हा तो वारसा राहत नाही, जकात होते. आपल्या ताटात काय असावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याच्या ताटावरून त्याला छप्पर द्यावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार पूर्वजांनी आपल्याला दिलेला नाही. आणि दिला असेल, तर एकनाथांच्या कथेतील पितरांनी तो केव्हाच परत घेतला आहे.

तेव्हा तो मराठी न येणारा, पण कटाची आमटी मागणारा मुलगा. त्याचे कौतुक करावे की काळजी, असा प्रश्न आपण आरंभी विचारला होता. त्याचे उत्तर त्याच्या जिभेवरून मिळणार नाही. होळीच्या दिवशी तो शेजारच्या बिऱ्हाडातल्या मित्राला, मग तो कोणत्याही भाषेचा व कोणत्याही जातीचा असो, आपल्या शेजारी पाटावर बसवून घेतो का, आणि ही पोळी काय आहे हे त्याला चार मोडक्या शब्दांत सांगू लागतो का, एवढे पाहावे. घेत असेल, तर त्याची मराठी सुधारण्यास अजून वेळ आहे आणि आपल्याला तिच्यासाठी खटपट करण्यास आधारही आहे. घेत नसेल, तर आमटी कितीही अस्सल असली, तरी तिच्यात काहीतरी घालावयाचे राहून गेले आहे, असे समजावे.